शिकार उरली, शिकारी गेला : खानदेशातली दोनशे वर्षं



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'शिकारीचं भवितव्य आणि नवे शिकारी'. विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. ज्या गोष्टीला देशात कायद्यानं बंदी आहे तिचं भवितव्य कसलं? आणि नवे शिकारी म्हणजे कोण, तुरुंगात जायला तयार असलेले?

परदेशात हा प्रश्न सरळ विचारला जातो. अमेरिकेत १९३७ साली एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसं यांच्यावरचा कर वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना द्यायचा, असं त्यात ठरलं. म्हणजे शिकारी पैसे भरतो आणि त्यातून हरणं जगतात. पण तिथले शिकारी आता कमी होताहेत. तिथल्या सरकारी पाहणीत २०११ साली ते सुमारे १ कोटी ३७ लाख होते, २०१६ साली १ कोटी १५ लाख राहिले. म्हातारे बंदूक खाली ठेवतात आणि नातवंडं ती उचलत नाहीत. म्हणून तिथं 'नव्यांना या वाटेला आणा' अशा मोहिमा चालतात. जर्मनीत शिकारीचा परवाना हवा तर कठीण परीक्षा द्यावी लागते. प्राणिशास्त्र, कायदा, हत्यार, कुत्रा असं सगळं विचारतात, आणि तरीही तिथं परवानेधारक वाढताहेत.

आपल्याकडे प्रश्न या रूपात येत नाही. पण तो येतो, आणि आपल्या जळगाव-धुळ्यात तर दारात येऊन उभा राहतो. तो कोणत्या रूपात येतो, एवढंच आज मला दाखवायचं आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. इतिहासाच्या वर्गात मागच्या दारानं आलोय असं समजा.

शब्दांपासून सुरुवात

'शिकार' हा शब्द फारसीतून आला, 'मृगया' संस्कृतातून. आपल्या घरचा शब्द 'पारध'. तिन्ही शब्दांची घराणी वेगळी आहेत बरं का. मृगया राजा करतो. शिकार नवाब, साहेब, सरदार करतात. पारध करतो पारधी, पोटासाठी. क्रिया एकच, पण ती कोण करतो यावरून तिचं नाव बदलतं, तिची इज्जत बदलते आणि पुढं तिचा कायदाही बदलतो. आजच्या व्याख्यानाचं सूत्र हेच आहे असं म्हणा.

आणखी एक शब्द सांगतो. जळगाव शहराला पाणी कुठून येतं? वाघूर धरणातून. जुन्या मराठीत 'वाघूर' म्हणजे जनावरं धरायचं जाळं. संस्कृतात 'वागुरा' म्हणजे तेच, आणि जाळ्यानं धरणारा तो 'वागुरिक'. नदीचं नाव जाळ्यावरून पडलं की वाघावरून, या वादात मी शिरत नाही. दोन्हीपैकी काहीही घ्या, आपण ज्या नदीचं पाणी पितो तिच्या नावात शिकार आहे.

राजाची मृगया, राजाचा पश्चात्ताप

आपल्या परंपरेत शिकारीविषयी कधीच एकमत नव्हतं. कौटिल्य मृगयेला राजाच्या व्यसनांत बसवतो, द्यूत आणि मद्यपानाच्या पंक्तीत. पण लगेच असंही म्हणतो की जुगारापेक्षा शिकार बरी. तिच्यात व्यायाम होतो, चरबी झडते, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम धरायचा सराव होतो आणि प्राण्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

दुसऱ्या टोकाला अशोक. आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तिच्यात मृगया असे. आता आपण धर्मयात्रेला जातो. गंमत अशी की हा आठवा शिलालेख महाराष्ट्रात सापडलेला आहे. नालासोपाऱ्याजवळ सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्याचा तुकडा मिळाला. म्हणजे शिकार सोडल्याची राजाची जाहीर घोषणा आपल्याच मातीत कोरलेली होती.

आता अजिंठा. लेणी पलीकडच्या जिल्ह्यात, पण तो डोंगर खानदेशाची दक्षिणेची भिंत आहे. १८१९ साली, २८ एप्रिलला, जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला त्या रानात आला आणि त्याला लेणी दिसली. ही गोष्ट तुम्ही शाळेत वाचलीय. पण स्मिथनं आपलं नाव आणि तारीख कोरली ती दहाव्या लेण्यातल्या खांबावर. आणि त्याच दहाव्या लेण्याच्या भिंतीवर छद्दंत जातक रंगवलेलं आहे.

ती कथा शिकाऱ्याचीच आहे. सहा सुळ्यांचा हत्ती, म्हणजे बोधिसत्त्व. एका राणीच्या सूडासाठी सोनुत्तर नावाचा व्याध त्याचे सुळे आणायला जातो, तेही भिक्षूची वस्त्रं अंगावर घेऊन. बाण लागल्यावर हत्ती त्याला ठार करू शकला असता. तो करत नाही. उलट सुळे कापून न्यायला त्याला मदत करतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं शिकार झालेल्या प्राण्याच्या बाजूनं ही भिंत रंगवली, आणि एका शिकाऱ्यानं येऊन शेजारच्या खांबावर चाकूनं आपली सही केली! यावर मी भाष्य करत नाही. तुम्ही लेण्यात जाल तेव्हा दोन्ही बघून या, एवढंच.

साहेबाची शिकार आणि भिल्लाचा माग

१८१८ ला पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज इथला पहिला अधिकारी. मुलूख उजाड झालेला. पेंढारी, दुष्काळ, लढाया, सगळ्यांनी तो तुडवलेला. शेतं पडीक, पडिकात झुडूप, झुडपात वाघ. आणि सातपुडा, सातमाळा, अजिंठ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईक, जे कंपनीला जुमानत नव्हते. साहेबाच्या दप्तरात तेव्हा खानदेशचे दोन त्रास असत : भिल्ल आणि वाघ. दोघांचा बंदोबस्त एकाच शाईनं लिहिला जाई.

१८२५ साली एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना युक्ती निघाली. भिल्लांना मारून संपवता येत नाही, तर त्यांचीच पलटण करू. हे काम मिळालं जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या पोरसवदा अधिकाऱ्याला. पलटणीचं ठाणं धरणगावला झालं. धरणगाव म्हटलं की आपल्याला बालकवी आठवतात. पण बालकवी जन्मले १८९० ला. त्याआधी पासष्ट वर्षं हे गाव भिल्ल पलटणीचं होतं.

आउट्रमनं भिल्लांना जिंकलं कशानं? चरित्रकार एकमतानं सांगतात : शिकारीनं. तो त्यांच्याबरोबर रानात राहिला, त्यांच्याबरोबर वाघामागे पायी गेला. दहा वर्षांची नोंद उपलब्ध आहे. १८२५ ते १८३४ या काळात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले. त्यातल्या १९१ वाघांच्या वेळी तो स्वतः हजर होता.

हा आकडा वाचून आपण म्हणतो, केवढा शिकारी! पण थोडं थांबा. पुण्या-मुंबईकडून आलेल्या, सातपुड्याची एकही वाट माहीत नसलेल्या या माणसाला १९१ वेळा वाघ कोणी दाखवला? ओढ्याच्या वाळूत पाऊल बघून 'हा कालचा, हा आजचा, ही मादी, ही पाण्याकडं गेलीय' हे कोणी सांगितलं? भिल्लानं. रान कोणी उठवलं? भिल्लानं. जखमी वाघ झुडपात शिरल्यावर आधी आत कोण गेलं? तेही सांगायला नको. नोंदवहीत नाव मात्र बंदुकीच्या मालकाचं आलं.

भिल्लांचं हे मागाचं ज्ञान फक्त जनावरापुरतं नव्हतं. खानदेशातल्या गावांत जागल्या बहुधा भिल्ल असे. चोरी झाली की त्यानं चोराचा माग काढायचा, शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग ज्या गावात हरवला त्या गावावर जबाबदारी. म्हणजे पाऊल वाचणं ही एक संस्था होती, तिला नियम होते, तिच्यावर न्याय उभा होता.

मग १८५७ आलं. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात उठला आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली. ज्यांना पगार देऊन माणसाळवलं असं सरकार समजत होतं, त्यांच्यातलेच उठले. त्यानंतर साहेबाला भिल्लाच्या हातातलं हत्यार जास्तच खुपू लागलं. १८७८ साल तर दुहेरी आलं. त्याच वर्षी हत्यारांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जंगलाचा कायदा. एकानं हत्यारासाठी परवाना लावला, दुसऱ्यानं रानाला राखीव केलं. राखीव रानात परवाना काढून जो जनावर मारतो तो शिकारी. त्याच रानात, आजोबांच्या काळापासून चालत आल्याप्रमाणं जो मारतो तो चोर. 'चोरटी शिकार' हा शब्द इथं जन्मला.

चोरटी नसलेली शिकार मात्र जोरात होती. वाघ, बिबट्या, लांडगा मारला की सरकारी बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी हिशेब मांडलाय. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात बक्षिसांसाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. वाघ संपत आले ते पारध्याच्या फाशामुळं, असं कोणी म्हणालं तर हे आकडे समोर ठेवा.

पारध्याचं काय झालं

भिल्लाला निदान पलटण मिळाली, पोलिसात जागा मिळाली. पारध्याला काय मिळालं? शिक्का.

फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर, लावे, ससे, हरणं धरणारे. त्यांचा फासा ही कलाकुसरीची वस्तू असे आणि पक्ष्याच्या सवयीप्रमाणं तो बदले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तरेत आला; १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही अशा जमाती जाहीर करायची सोय झाली. जन्मानंच गुन्हेगार! हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट तुम्हाला ठाऊक असेल. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. पण कागदावरचा शिक्का पुसला तरी चौकीतल्या हवालदाराच्या डोळ्यांतला पुसायला किती वर्षं लागतात, ते आपण बघतोच आहोत.

आता कायद्यांची साखळी भराभर सांगतो, कारण ती कोरडी आहे. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा. १९७० ला वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातही सुरुवातीला परवाना काढून काही जनावरं मारता येत; १९९१ च्या दुरुस्तीनं तेही दार बंद झालं. २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात आदिवासींना जमीन मिळाली, मोह-डिंक-तेंदू मिळाला, परंपरागत हक्क मिळाले. पण त्याच वाक्यात लिहिलंय की शिकारीचा आणि फासे लावण्याचा परंपरागत हक्क यातून वगळला आहे. अपवाद एकच : निकोबार बेटांवरच्या आदिवासींचे शिकारीचे हक्क १९७२ च्या कायद्यानंच राखून ठेवले आहेत.

हे कायदे चुकीचे होते असं मी म्हणत नाही. १९७२ साली कडक हात लावला नसता तर आज महाराष्ट्रात वाघच नसता. २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ मोजले गेले, ही त्या कायद्याची कमाई आहे. आपल्याकडे यावल अभयारण्य १९६९ चं आहे, शिरपूरकडचं अनेर १९८६ चं. मुक्ताईनगरजवळ वढोद्याच्या रानात, डोलारखेड्याच्या बाजूला वाघ आहेत आणि ते केळीच्या बागांत येऊन राहतात. गार सावली, पाणी, आडोसा. वाघाला आणखी काय हवं! हे सगळं मोलाचं आहे.

मी म्हणतो ते वेगळं आहे. कायद्यानं शिकार थांबवायची ठरवली. शिकार थांबली का?

चाळीसगाव, २०१७

२०१७ च्या पावसाळ्याअखेरीपासून चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत एक बिबट्या माणसं मारू लागला. शेतात काम करणाऱ्या बाया, लहान मुलं. लोक कापूस वेचायला जाईनात. पिंजरे लागले, कॅमेरे लागले, पथकं आली. बिबट्या सापडेना. शेवटी डिसेंबरमध्ये वरखेडे गावाजवळ त्याला गोळी घातली गेली. गोळी घालायला शिकारी कुठून आणला? हैदराबादहून.

त्या शिकाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याला सरकारनं बोलावलं होतं. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हे वाक्य मला टोचतं : ज्या खानदेशात १८२५ साली परक्या मुलखातला साहेब रान वाचायला भिल्लाकडं आला, त्याच खानदेशात २०१७ साली एक बिबट्या शोधायला माणूस परराज्यातून आणावा लागला. दोनशे वर्षांत आपण काय गमावलं ते या एका घटनेत दिसतं. वाघ आहे, बिबट्या आहे, रानही थोडंफार आहे. पाऊल वाचणारा गेला.

दुसरं चित्र रोजचं आहे, त्यामुळं त्याची बातमी होत नाही. रावेर-यावलला केळी, चोपडा-शिरपूरला मका, आणि रात्री रानडुकरांचे कळप. डुक्कर दाणे खातं थोडे आणि लोळून नासाडी करतं जास्त. रोही, म्हणजे नीलगाय, हरभऱ्यात उतरते. शेतकरी आपल्या अहिराणीत म्हणतो, ''डुकरस्नी मका खाई टाका, आते काय करो?'' या 'काय करो'चं उत्तर सरकारकडे आहे. नुकसानभरपाई आहे, पंचनामा आहे. आणि २०१५ साली राज्य सरकारनं पिकाची नासाडी करणारी रानडुकरं आणि रोही मारायला परवानगी देण्याची पद्धतही ठरवून दिली. म्हणजे कागदावर दार किलकिलं आहे.

पण मारणार कोण? शेतकऱ्याकडं बंदूक नाही. असली तरी रात्री मक्यात हललं ते डुक्कर की शेजारचा माणूस, हे ओळखायची नजर नाही. ती नजर ज्यांच्याकडं होती त्यांना आपण शंभर वर्षं चोर म्हणत आलो.

मग तो काय करतो? सरळमार्गी असेल तर झटका मशीन लावतो, ती फक्त चटका देते. ज्याच्याकडं तेवढे पैसे नाहीत किंवा ज्याचा धीर सुटलाय, तो तारेवर आकडा टाकून थेट करंट सोडतो. कोणी क्लच वायरचा फास बांधतो. कोणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो, डुकरानं चावला की जबडा उडतो. या करंटाला डुक्कर आणि वाघ यांतला फरक कळत नाही. गाभण मादी कळत नाही. पहाटे पाणी द्यायला आलेला गडीही कळत नाही. महाराष्ट्रात अशा तारांवर वाघ मेले आहेत, बिबटे मेले आहेत आणि माणसं मेली आहेत.

हाच आपला 'नवा शिकारी', मंडळी. त्याला भूक नाही, डोळे नाहीत, भीती नाही, नियम नाही. आपण शिकाऱ्याला रानाबाहेर काढलं, आणि त्याची रिकामी जागा तारेनं घेतली.

थोडं तत्त्वज्ञान

आता माझ्या मूळ धंद्यावर येतो. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यानं १९४० च्या दशकात शिकारीवर एक चिंतन लिहिलं. त्याचं म्हणणं असं की शिकारीचं सार मारण्यात नाही. प्राण्याला निसटायची संधी असते, शिकारी आपलं बळ मुद्दाम आवरतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत माणूस पूर्ण जागा होतो. ओर्तेगा सरदारी थाटाच्या शिकारीबद्दल बोलतोय, हे मान्य. भिल्लाच्या पोटाची त्याला काय कल्पना! पण 'आवरणं' हा मुद्दा मला पटतो, कारण आपल्याकडं तो फार आधी सांगितलेला आहे.

महाशिवरात्रीची कथा आठवा. शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायात ती आहे, घरोघरी वाचली जाते. व्याध बेलाच्या झाडावर बसलाय, हरिणी समोर येते. ती म्हणते, पाडसांना भेटून येते, मग मार. तो तिला जाऊ देतो. आपण ही कथा बेलाच्या पानांची म्हणून ऐकतो, नकळत घडलेल्या पूजेची म्हणून. मला ती हात आवरण्याची कथा वाटते. बाण लावलेला आहे, नेम धरलेला आहे, घरी पोरं उपाशी आहेत, आणि तरी तो थांबतो. थांबू शकतो, कारण त्यानं तिचा चेहरा बघितलाय.

महाभारतात वनपर्वात धर्मव्याध भेटतो. मिथिलेचा मांसविक्या, आणि गर्विष्ठ ब्राह्मणाला धर्म शिकवतो तो हा. तो स्वतःचं काम सुंदर आहे असं म्हणत नाही. त्यात हिंसा आहे हे त्याला कळतं, आणि नांगर धरणाऱ्याच्या हातूनही जीव मरतात हे तो ब्राह्मणाला दाखवून देतो. हिंसा कोणाच्याच आयुष्यातून पूर्ण जात नाही. तिची जबाबदारी कोण घेतो, हा खरा प्रश्न.

तारेत सोडलेल्या करंटाची जबाबदारी कोणीच घेत नाही. शेतकरी म्हणतो, मी फक्त पीक राखलं. वीजवाला म्हणतो, आकडा बेकायदा होता. वनखातं पंचनामा करतं. आणि आपण शहरात केळं सोलतो. ते केळं वाचवायला रात्री काय मेलं, ते आपल्याला माहीत नसतं.

मग पुढं काय?

कोणी म्हणेल, मग सर, शिकार खुली करा. अमेरिकेसारखे परवाने द्या, पैसाही येईल. माझं उत्तर 'नको' असं आहे. अमेरिकेच्या पद्धतीमागं मोकळ्या जमिनीचा मोठा विस्तार आहे, आपल्याकडं रानाचे तुकडे उरलेत. दुसरं, परवाना विकायला काढला की तो कोण घेईल ते इतिहासानं दाखवलंय. नवाबाची शिकार परत येईल आणि पारधी पुन्हा हाकाऱ्यांत उभा राहील. आणि तिसरं, पारध्यांतले काही जण वाघाच्या कातडीच्या धंद्यात ओढले गेले, हेही खरं आहे. परदेशी बाजार पैसा फेकतो आणि पकडला जातो तो सर्वांत खालचा माणूस. इथं भाबडेपणा चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की मारणं आणि माग काढणं वेगळं करा. बंदी मारण्यावर असू दे. माग काढण्याला मान द्या, पगार द्या.

हे स्वप्नरंजन नाही, त्याची उदाहरणं आहेत. मध्य प्रदेशात पन्नाच्या रानातले वाघ २००९ पर्यंत पुरते संपले होते. वाघ परत आणले गेले, आणि आज तिथं पारध्यांची तरुण मुलं पर्यटकांना रानवाटा दाखवतात, पाऊल वाचून दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात. आपल्या वऱ्हाडात वाशिम-अकोल्याकडं 'संवेदना' या संस्थेबरोबर फासेपारधी तणमोर राखतात. गवताळ माळावरचा हा पक्षी इतका लपून असतो की त्याचं घरटं शास्त्रज्ञाला सापडणं मुश्कील. पारध्याला सापडतं. पिढ्यानपिढ्या ज्याला धरायला शिकले त्यालाच आता राखतात. विद्या तीच आहे, फक्त तिचं तोंड फिरवलंय.

विद्येचं तोंड फिरवण्याची परंपराही आपल्याकडं आहे. सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारत. अशीच मारलेली एक वेगळी चिमणी, गळ्यावर पिवळा डाग असलेली, दाखवायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्षिशास्त्रज्ञ झाले. ती १८८३ ची संस्थाही शिकारीचा नाद असलेल्या लोकांच्या सहवासातच वाढली. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, पण रानाचे शब्द त्यांनी पारध्यांकडून, गोंडांकडून, माडियांकडून वेचले आणि मराठीत आणले. त्यांच्या पुस्तकांनी मराठी वाचकाला रान दिलं. ते रान त्यांना ज्यांनी दिलं, त्यांच्या मुलांना मात्र आपण नोकरी दिली नाही.

म्हणून खानदेशापुरत्या तीन गोष्टी सुचवतो. एक, यावल, अनेर आणि वढोद्याच्या रानालगतच्या भिल्ल, पावरा, पारधी तरुणांमधून माग काढणाऱ्यांची कायम पथकं उभी करा. हंगामी रोजंदारी नको, पदनाम आणि पगार हवा. बिबट्या गावात आला की पहिला फोन त्यांना गेला पाहिजे. दोन, ज्या म्हाताऱ्यांना अजून पाऊल वाचता येतं ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत, माझ्याच वयाचे. विद्यापीठानं त्यांना गुरुजी म्हणून मानधन देऊन बोलवावं, कागदाची पदवी न विचारता. ही दहा वर्षं गेली की शिकायला कोणी राहणार नाही. आणि तीन, रानडुकराच्या प्रश्नावर गावानं एकेकट्या शेतकऱ्याला तारेसकट अंधारात सोडू नये. परवानगी काढायची तर ग्रामसभेनं मिळून काढावी, प्रशिक्षित माणसाकडून काम करून घ्यावं, आणि काय मेलं त्याची नोंद चावडीवर लावावी. जबाबदारीला नाव असलं पाहिजे.

कौटिल्याचा मुद्दा लक्षात ठेवा म्हणालो होतो : प्राण्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं. शिकारीतलं राखण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे. नव्या शिकाऱ्याचं स्वागत करायचं तर या विद्येच्या दारातून करा. बंदूक बाहेर ठेवून या म्हणा.

इथं थांबतो. एक-दोन प्रश्न घेऊ.

श्रोत्यांतून प्रश्न : सर, परवानगीनं रानडुक्कर मारलं तर त्याचं मांस खाता येतं का?

नाही. कायद्यात ज्याला उपद्रवी ठरवलेलं नाही असं वन्य जनावर परवानगीनं मारलं तरी ते सरकारी मालमत्ता ठरतं, त्याची विल्हेवाट वनखातं लावतं. तुम्ही चांगला प्रश्न विचारलात. पोटासाठीची पारध कायद्यातून किती पूर्णपणे गेलीय, ते यातून कळतं. ज्याच्या शेतात मारलं तो खाणार नाही, ज्यानं मारलं तो खाणार नाही, जनावर पुरलं जाणार. हे योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मांस खाता आलं तर लबाडी वाढेल, ही भीती खोटी नाही.

प्रश्न : आदिवासी मुलांना पुन्हा रानाकडं पाठवणं म्हणजे त्यांना मागं ढकलणं नाही का? त्यांना इंजिनिअर होऊ द्या ना.

होऊ द्या, नक्की होऊ द्या. मी सक्ती सुचवत नाही. पण इंजिनिअरच्या मुलाला बापाची विद्या घ्यायची असेल तर तिच्यासाठी कॉलेज आहे, पदवी आहे, पगार आहे. पारध्याच्या मुलाला बापाची विद्या घ्यायची असेल तर तिच्यासाठी आजवर फक्त पोलीस चौकी होती. दोन्ही दारं उघडी ठेवा, मग तो कुठल्या दारानं जायचं ते त्याचं तो ठरवील.